इन्सुलिन नव्हतं, गोळ्या नव्हत्या : लोकमान्य टिळकांनी १२ वर्षं डायबिटीस कसा सांभाळला?

२२ जुलै १९०८. मुंबई हायकोर्टात रात्र झाली होती. ज्युरीतल्या नऊ जणांपैकी सात जणांनी टिळकांना दोषी ठरवलं आणि न्यायमूर्ती दावर यांनी शिक्षा सुनावली. सहा वर्षं काळं पाणी आणि एक हजार रुपये दंड. दुसऱ्या दिवशी टिळकांना ५२ वर्षं पूर्ण होणार होती.

हा प्रसंग शाळेच्या पुस्तकात सगळ्यांनी वाचलाय. पण त्या रात्री कोर्टात उभ्या असलेल्या माणसाला डायबिटीस होता, हे फार कमी जणांना ठाऊक असतं.

आज डायबिटीस म्हटलं की लोक गोळी घेतात, बोटाला सुई टोचून शुगर बघतात आणि कामाला लागतात. १९०८ मध्ये यातलं काहीच नव्हतं. इन्सुलिन सापडायला अजून १३ वर्षं होती. बावन्नाव्या वर्षी, औषध नसलेला आजार घेऊन, सहा वर्षांच्या कैदेत जायचं म्हणजे परत येण्याची खात्री कोणीच देऊ शकत नव्हतं.

टिळक परत आले. नुसते आले नाहीत, तर पुढची सहा वर्षं देशभर फिरले, इंग्लंडला जाऊन आले. हे कसं जमलं, आणि तेव्हा रक्तवाहिन्यांच्या आत काय चाललेलं असतं, त्याचीच ही गोष्ट.

वर्षभर फक्त व्यायाम

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ चा, रत्नागिरीतला. १८६६ मध्ये कुटुंब पुण्यात आलं. पुढे डेक्कन कॉलेजमध्ये गेल्यावर या पोराला आपली तब्येत किरकोळ आहे असं वाटलं. मग त्याने पहिलं वर्ष अभ्यास जवळपास बाजूला ठेवून तालीम केली. जोर, बैठका, कुस्ती, पोहणं. परिणाम दोन झाले. शरीर कमावलं गेलं आणि परीक्षेत दांडी उडाली. नंतर याच मुलाने गणितात पहिल्या वर्गात बीए केलं.

१८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल, १८८१ मध्ये केसरी आणि मराठा, १८८२ मध्ये आगरकरांसोबत डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस. १८९७ मध्ये राजद्रोहाची पहिली शिक्षा झाली. दीड वर्षाची सक्तमजुरी होती, त्यातलं साधारण एक वर्ष भोगून सप्टेंबर १८९८ मध्ये सुटका झाली. तुरुंगातल्या अन्नाने तब्येतीची पार वाट लागली होती.

त्यानंतरची वर्षंही शांत गेली नाहीत. ताई महाराज प्रकरणाचे खटले, वंगभंगाची चळवळ, काँग्रेसमधली फूट, रोजचं लिखाण. नारायण पेठेतला गायकवाड वाडा, म्हणजे आताचा केसरी वाडा, हा या सगळ्याचा अड्डा होता. उन्हाळ्यात थोडी उसंत मिळाली तर सिंहगडावरचा बंगला. म्हणजे बैठं काम, जागरणं, सततचा ताण आणि वाढतं वय. चाळिशी-पन्नाशीत डायबिटीस दार ठोठावतो तो अशाच घरांचं. तालमीत कमावलेलं शरीर असलं तरी.

तेव्हाच्या डॉक्टरांना काय माहीत होतं?

मधुमेह हे नाव जुनंच आहे. लघवी गोड होते, तिला मुंग्या लागतात, हे आपल्याकडच्या वैद्यांना शेकडो वर्षांपासून ठाऊक होतं. १८८९ मध्ये जर्मनीत मिन्कोव्हस्की आणि फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढून टाकलं आणि त्याला डायबिटीस झाला. म्हणजे गडबड स्वादुपिंडात आहे एवढं कळलं. पण स्वादुपिंडातून नेमकं काय कमी पडतंय, ते कोणाच्या हाती लागलं नव्हतं.

तपासणी लघवीची व्हायची. रक्तातली साखर रोज मोजणं शक्यच नव्हतं. उपचार म्हणून हातात एकच गोष्ट होती, ती म्हणजे ताट. कोणी धान्य बंद करायला सांगायचं, कोणी उपास. जर्मन डॉक्टर फॉन नूर्डेन यांचा ओटचा आहार त्याच सुमारास युरोपात गाजत होता.

ज्यांना लहानपणी डायबिटीस व्हायचा, ती मुलं निदानानंतर फार काळ जगत नसत. टिळक मात्र इन्सुलिनशिवाय १२ वर्षं आणि तीही भरगच्च जगले. आजार मध्यम वयातला, हळू चालणारा. आजच्या भाषेत हे वर्णन टाइप २ डायबिटीसशी जुळतं. हाच प्रकार आज भारतात सगळ्यात जास्त दिसतो. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना डायबिटीस आहे.

साखरेचा त्रास नेमका कुठे होतो?

डायबिटीस हा साखरेचा आजार आहे असं आपण म्हणतो. पण माणसाचं नुकसान होतं ते मुख्यतः रक्तवाहिन्यांमुळे. डोळा, किडनी, पाय, हृदय, मेंदू. नावं वेगळी, पण मार खाणारी जागा बहुतेक वेळा एकच.

हे समजायला पुण्याचंच उदाहरण घेऊ. मुळशी तालुक्याच्या डोंगरात मुठा खोरं आहे. त्या खोऱ्यातून, मुठा गावाकडून खाली येणारं पाणी खडकवासल्याच्या धरणात येतं. तिथून मुठा उजवा कालवा निघतो आणि पुणे शहरातून पुढे जातो. २७ सप्टेंबर २०१८ ला दांडेकर पुलाच्या परिसरात या कालव्याची भिंत फुटली आणि वस्त्यांमध्ये पाणी शिरलं. त्या दिवशी पाऊस नव्हता, पूर नव्हता. पाणी रोजचंच होतं. घात झाला तो भिंतीचा.

रक्तवाहिनीलाही आतून असंच एक अस्तर असतं. फक्त एका पेशीच्या जाडीचं. पण ते सिमेंटसारखं मुकं नसतं, जिवंत असतं. या पेशी सतत दोन कामं करतात. एक, नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू थोडा थोडा तयार करून रक्तवाहिनी सैल ठेवतात. दोन, याच वायूने आणि प्रोस्टासायक्लिन नावाच्या दुसऱ्या एका द्रव्याने रक्तातल्या प्लेटलेट्सना शांत ठेवतात.

प्लेटलेट्स आपल्याला डेंग्यूमुळे माहीत झाल्या. रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये त्या साधारण दीड ते साडेचार लाख असतात. काम गवंड्याचं. कुठे भिंत फाटली की धावत जायचं, एकमेकींना चिकटायचं आणि भोक बुजवायचं. एरवी गप्प वाहत राहायचं. एका प्लेटलेटचं आयुष्य असतं सात ते दहा दिवस.

आता रक्तात साखर वाढली की काय होतं?

शरीरातल्या स्नायूंच्या पेशींना साखर आत घ्यायला इन्सुलिनची मदत लागते. अस्तराच्या पेशींना ती लागत नाही. बाहेर जेवढी साखर, तेवढी आत. दार बंद करायची सोयच नाही. मग आत साखर जाळताना ऑक्सिजनचे उपद्रवी कण जास्त तयार होतात आणि ते नायट्रिक ऑक्साइडला खाऊन टाकतात. रक्तवाहिनी आवळलेली राहते. अस्तर खरबरीत होतं, त्यावर चिकटणारी प्रथिनं उगवतात. वर्षानुवर्षं साखर प्रथिनांना चिकटत राहिली की भिंतीतलं कोलॅजन कडक होतं, जुन्या रबरी नळीसारखं.

प्लेटलेट्सचीही तीच तऱ्हा. त्यांच्यातही साखर इन्सुलिनशिवाय शिरते. त्यांच्या आवरणातल्या प्रथिनांवर साखर चढते, आवरण कमी लवचिक होतं आणि एकमेकींना पकडायचे हात जणू वाढतात. वरून त्यांना शांत ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड कमी झालेला असतो. निरोगी माणसात इन्सुलिनही प्लेटलेट्सना थोडं आवरतं. टाइप २ मध्ये शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, तेव्हा हा लगामही सुटतो.

म्हणजे भिंत कमकुवत आणि गवंडी उतावळे. जिथे भोक नाही तिथेही सिमेंट थापायला तयार. हृदयाच्या किंवा मेंदूच्या रक्तवाहिनीत असं झालं की हार्ट अटॅक किंवा पक्षाघात. डायबिटीस असलेल्यांना या दोन्हींचा धोका जास्त असतो, त्याचं एक मोठं कारण हे आहे. आणि यातलं काहीही होत असताना दुखत नाही.

मंडालेच्या कोठडीतलं ताट

शिक्षेनंतर टिळकांना आधी साबरमतीच्या तुरुंगात ठेवलं. तिथे वजन झपाट्याने उतरलं. प्रकृती आणि डायबिटीस बघून सरकारने काळ्या पाण्याची शिक्षा साध्या कैदेत बदलली आणि सप्टेंबर १९०८ मध्ये त्यांना ब्रह्मदेशातल्या मंडालेला नेलं. लाकडी फळ्यांची खोली. उन्हाळ्यात भाजून काढणारी, थंडीत वारा आत घेणारी. सोबतीला स्वयंपाकासाठी दिलेला कुलकर्णी नावाचा एक मराठी कैदी. टिळकांच्या तिथल्या दिनक्रमाचं बरंचसं वर्णन पुढे या कुलकर्णींच्या आठवणींतून लोकांपर्यंत पोहोचलं.

इथे टिळकांनी आपल्या आजाराकडे गणिताच्या माणसासारखं पाहिलं. औषध नाही, मग बदलता येईल असं काय आहे? ताट. त्यांनी आपलं जेवण सातूच्या पिठावर आणलं. सातू म्हणजे बार्ली, काही जण त्याला जव म्हणतात. भात-पोळीवर वाढलेल्या माणसाने परमुलखात रोज तेच तेच खायचं, हे ऐकायला सोपं आहे. पण त्यांनी ते पथ्य निभावलं.

आज सातूबद्दल आपल्याला जास्त माहिती आहे. त्यात बीटा ग्लुकन नावाचा चोथा असतो. तो पोटात चिकट जेलसारखा होतो आणि अन्नातली साखर रक्तात सावकाश सोडतो. पांढरा भात खाल्ल्यावर साखर जशी उसळते, तशी सातूने उसळत नाही. युरोपात फॉन नूर्डेन ओट देत होते, त्यातही हेच बीटा ग्लुकन असतं.

साखर आटोक्यात आली की रक्तवाहिन्यांत काय फरक पडतो? सगळ्यात लवकर सुधारण्याची संधी प्लेटलेट्सना मिळते, कारण दहा दिवसांत जुन्या जातात आणि नव्या येतात. नव्या प्लेटलेट्स कमी साखरेच्या रक्तात वाढतात, त्यामुळे त्यांचा उतावळेपणा काही आठवडे-महिन्यांत उतरू शकतो. अस्तराच्या पेशी हळू सावरतात. कडक झालेलं कोलॅजन मात्र वर्षानुवर्षं तसंच राहतं. म्हणून जितक्या लवकर सुरुवात, तितकं भिंतीचं जास्त वाचतं.

मंडालेत कोणी टिळकांचं एचबीए१सी मोजलं नव्हतं. ती तपासणी जगात यायला आणखी काही दशकं होती. पण त्या सहा वर्षांचा हिशोब दुसऱ्या मार्गाने लागतो. २ नोव्हेंबर १९१० ते ३० मार्च १९११ या पाच महिन्यांत त्यांनी पेन्सिलीने गीतारहस्याचा मसुदा लिहून काढला. शेकडो पानं. त्याच कोठडीत त्यांनी जर्मन, फ्रेंच आणि पालीचा अभ्यास केला. डोळे आणि डोकं दोन्ही शाबूत असल्याशिवाय हे होत नाही.

जून १९१२ मध्ये पुण्यात सत्यभामाबाई गेल्या. बातमी तारेने मंडालेला पोहोचली. तरी पथ्य आणि काम, दोन्ही थांबलं नाही.

परत आल्यावर

जून १९१४ मध्ये, १६ तारखेच्या मध्यरात्री, टिळकांना पुण्यात वाड्याच्या दारात आणून सोडलं. केस पिकलेले, शरीर थकलेलं. वय जवळपास ५८. बहुतेक माणसं इथे थांबली असती.

१९१५ मध्ये गीतारहस्य छापून आलं. १९१६ मध्ये बेळगावात होमरूल लीगची स्थापना, वर्षाच्या शेवटी लखनौ करार. मग गावोगावच्या सभा. १९१८ मध्ये चिरोलवरच्या खटल्यासाठी इंग्लंड. खटला हरले, कर्ज झालं, १९१९ च्या शेवटी परत आले.

जुलै १९२० मध्ये ते ताई महाराज प्रकरणाच्या कामासाठी मुंबईला गेले आणि सरदारगृहात उतरले. मोटारीतून फिरून आल्यावर थंडी बाधली, ताप आला, पुढे न्यूमोनिया झाला. पेनिसिलिनचा शोध लागायलाच अजून आठ वर्षं होती. साखर जास्त असेल तर पांढऱ्या पेशींची जंतूंशी लढायची ताकद कमी होते, त्यामुळे असा संसर्ग डायबिटीसच्या रुग्णाला जास्त जड जातो. १ ऑगस्ट १९२० ला, मध्यरात्र उलटल्यावर, टिळक गेले. चौपाटीवर लाखोंच्या साक्षीने अंत्यसंस्कार झाले.

बरोबर एका वर्षाने, १९२१ च्या उन्हाळ्यात, कॅनडातल्या टोरंटोमध्ये बँटिंग आणि बेस्ट यांना स्वादुपिंडाच्या अर्काने कुत्र्याची साखर खाली आणता आली. ११ जानेवारी १९२२ ला लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिलं इंजेक्शन मिळालं. टिळकांची आणि इन्सुलिनची चुकामूक जेमतेम दीड वर्षाने झाली.

पुढे विज्ञानाने काय सांगितलं?

साखर नीट ठेवली तर रक्तवाहिन्या खरंच वाचतात का, याचं पक्कं उत्तर मिळायला १९९० चं दशक उजाडावं लागलं.

१९९३ मध्ये अमेरिकेतल्या डीसीसीटी या अभ्यासाचे निकाल आले. टाइप १ च्या ज्या रुग्णांना आधी डोळ्यांचा त्रास नव्हता, त्यांची साखर काटेकोर ठेवल्यावर डोळ्यांच्या पडद्याचा आजार सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. १९९८ मध्ये ब्रिटनचा यूकेपीडीएस आला. टाइप २ चे ५,१०२ रुग्ण. साखर नीट सांभाळलेल्या गटात बारीक रक्तवाहिन्यांचे त्रास २५ टक्क्यांनी कमी. हार्ट अटॅकमधला फरक मात्र तेव्हा ठाम म्हणण्याइतका नव्हता.

गंमत पुढे आहे. अभ्यास संपला, दोन्ही गटांची साखर सारखीच झाली, आणि दहा वर्षांनी पुन्हा पाहिलं तर सुरुवातीला साखर सांभाळलेल्यांमध्ये हार्ट अटॅक स्पष्टपणे कमी होते. जणू रक्तवाहिन्यांना स्मरणशक्ती असते. पहिल्या काही वर्षांत त्यांना जसं वागवाल, ते त्या लक्षात ठेवतात.

पण म्हणून साखर वाटेल तितकी खाली आणायची का? तर नाही. २००८ मध्ये अ‍ॅकॉर्ड नावाच्या अभ्यासात, आधीच हृदयाचा धोका असलेल्या रुग्णांची साखर औषधांनी अगदी जोरात खाली आणली. त्या गटात मृत्यू वाढले आणि तो भाग मध्येच थांबवावा लागला. शिवाय साखर फार उतरली की शरीर घाबरून अ‍ॅड्रेनलिन सोडतं आणि त्यानेही प्लेटलेट्स चवताळतात. म्हणजे खूप वर नको आणि धाडकन खालीही नको. सातूचं काम असंच असतं. सावकाश.

आणखी एक गैरसमज. प्लेटलेट्स उतावळ्या होतात म्हणून डायबिटीसच्या प्रत्येकाने रोज अ‍ॅस्पिरिन घ्यायची नसते. तिने पोटात किंवा मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. कोणाला द्यायची, हे डॉक्टर हृदयाचा धोका बघून ठरवतात.

मग आज काय करायचं?

टिळकांकडे फक्त ताट आणि निग्रह होता. आज मुठा खोऱ्यातल्या गावात राहणाऱ्या माणसालाही त्यापेक्षा जास्त साधनं मिळू शकतात. तिशी ओलांडलेल्यांची शुगर आणि बीपी सरकारी आरोग्य केंद्रात तपासण्याचा देशपातळीवरचा कार्यक्रम आहे. डायबिटीस निघाला तर एचबीए१सी ठरावीक काळाने करावं, ते साधारण दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतं. वर्षातून एकदा लघवीतलं अल्ब्युमिन, डोळ्यांचा पडदा आणि पायांची तपासणी करावी. लघवीत अल्ब्युमिन झिरपायला लागणं म्हणजे कालव्याच्या भिंतीला ओल येणं. भिंत फुटायच्या आधीची खूण. बीपी, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू यांचाही मार याच अस्तरावर पडतो, त्यामुळे नुसती साखर बघून भागत नाही. आणि चालू असलेली गोळी किंवा इन्सुलिन सोडून फक्त सातूवर यायचं, असं तर मुळीच नाही. टिळकांनी सातू धरला, कारण त्यांच्याकडे दुसरा पर्यायच नव्हता.

आपल्याकडे निदान झाल्यावर पहिली काही वर्षं वाया जातात. काही दुखत नाही, मग बघू पुढे. रक्तवाहिन्या सगळ्यात जास्त लक्षात ठेवतात ती हीच वर्षं. टिळकांनाही मंडालेत कोठडीबाहेरचं काही बदलता येत नव्हतं. जे बदलता येत होतं ते त्यांनी पहिल्यापासून बदललं आणि शेवटपर्यंत धरून ठेवलं. त्या कैदेतून एक ग्रंथ बाहेर आला, आणि त्यानंतर कामाची आणखी सहा वर्षं मिळाली.